हरणे पाहण्यासाठी पहिली दुर्बीण घेताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलाच्या कडेने चितळ, सांबर आणि भेकर पाहत फिरणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांच्या गळ्यातील दुर्बिणी पाहिल्या की बहुतेकांचे पैसे पाण्यात गेले आहेत हे लगेच कळते. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे हरणांचा माग केवळ पाहण्यासाठीच काढता येतो आणि भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत, आणि त्यांतली पहिली तर सर्वांची लाडकी आहे.

ती म्हणजे दुर्बिणीवर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलणे. ८×४२ या आकड्यातील ८ म्हणजे दृश्य किती पट जवळ भासते ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. गेल्या हिवाळ्यात जांबोटीच्या बाजूला आमच्याबरोबर बेळगावचा एक महाविद्यालयीन तरुण आला होता. त्याच्याकडे ऑनलाइन स्वस्तात मिळालेली, घडी घालून खिशात मावणारी आणि अंगावर ‘३०×६०’ असे ठळक छापलेली दुर्बीण होती. नीट उजाडण्यापूर्वीच सांबराची मादी पाडसाला घेऊन माळाच्या कडेला आली आणि आम्हाला पाडसाच्या कानांची हालचालसुद्धा दिसू लागली; हा मात्र “काका, सगळं काळंच दिसतंय” असे म्हणत उभ्याउभ्याच चाक फिरवत राहिला, मग वैतागून हात झटकून दुर्बीण खाली घेतली. मादीने पाय आपटला, एकदा खणखणीत इशारा दिला आणि दोघेही झाडीत नाहीसे झाले.

परतताना चहाला थांबलो, तेव्हा हॉटेलवाल्याच्या मुलाच्या दप्तरातील पट्टी मागून घेतली आणि त्या दुर्बिणीचे पुढचे भिंग मोजले. ६० मिलिमीटरचे म्हणवणारे भिंग जेमतेम २५ भरले. मग दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखली. अशी धरली की डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचे एक लहान वर्तुळ दिसते. ते सुमारे ३ मिलिमीटरचे होते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला या वर्तुळाच्या व्यासाने भागले की खरी पट मिळते, म्हणजे ती दुर्बीण फार तर ८×२५ होती. छापलेले दोन्ही आकडे खोटे होते. त्यामुळे दुकानात जाताना मी पट्टी खिशात ठेवतो आणि इतरांनीही ठेवावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

हे प्रकाशाचे वर्तुळच हरणे पाहणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण हरणे उघड्यावर येतात ती मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. अंधुक उजेडात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढले की कमी. ८×४२ चे वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचे असते आणि १०×२५ चे अडीच. म्हणजे संधिप्रकाशात पहिलीतून डोळ्याला चौपटीहून अधिक उजेड मिळतो. युरोपात संधिप्रकाशात हरणांच्या मागावर बसणारे शिकारी ८×५६ का वापरतात, याचे कारणही हेच, परंतु ती जड आणि महाग असल्यामुळे पहिल्या खरेदीसाठी मी ती सुचवत नाही. आपल्या जंगलात प्राणी सहसा शंभर मीटरच्या आतच दिसतो. ऐंशी मीटरवरचे भेकर आठ पटीने पाहिले की दहा मीटरवर उभे असल्यासारखे दिसते. यापेक्षा अधिक काय हवे असते, ते मला कळलेले नाही. पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृश्याचा आवाका कमी होतो, त्यामुळे झाडीत प्राणी शोधण्यातच वेळ जातो.

दुसरी चूक खरेदीनंतरची आहे आणि ती पाहून मला अधिक चीड येते, कारण ती केवळ उतावीळपणातून होते. दुर्बीण दोन्ही डोळ्यांना जुळवून न घेताच लोक तिला नावे ठेवतात. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने एखादी दूरची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करावी. मग डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडचे कडे फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. त्यानंतर फक्त मधले चाक वापरायचे. मी त्या कड्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतो, म्हणजे कोणी फिरवले तर लगेच लक्षात येते. एवढे करूनही एका खांबाचे दोन खांब दिसत असतील किंवा थोड्या वेळात डोके दुखत असेल, तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत. घरी दुरुस्तीचा खटाटोप न करता दुर्बीण परत करावी.

पट कमीजास्त करता येणारी झूम दुर्बीण स्वस्तात घेऊ नये. लालभडक झिलईची भिंगे दिसायला आकर्षक असतात, पण दृश्य फिकट आणि हिरवट करतात. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा त्याच किमतीत खांदे बाहेर आलेली जुन्या धाटणीची पोरो दुर्बीण बहुधा चांगले दृश्य देते. मात्र ती जलरोधक असेलच असे नाही, उदाहरणार्थ निकॉन कंपनीची अॅक्युलॉन ८×४२ ही पोरो दुर्बीण जलरोधक नाही. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांत किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते का, हे चष्म्यासह पाहावे. दुकानातील दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात, म्हणून मी संध्याकाळी जातो आणि बाहेर येऊन समोरच्या इमारतीच्या सावलीतील कोपरे पाहतो.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसात भिजलेली दुर्बीण तशीच पिशवीत बंद करून ठेवली की भिंगांवर बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च पुष्कळदा स्वस्त दुर्बिणीच्या किमतीइतका होतो. ती रात्रभर पंख्याखाली वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. भिंगावरची धूळ आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवावी, मगच मऊ कापड लावावे. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्याच्या हाती मी माझी दुर्बीण देत नाही.