तिखट रस्सा, कडक ऊन आणि वाइन: या चुका टाळा

माझी पहिली बाटली मी फ्रीजवर ठेवली होती. आत नाही, वर. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची, एवढं कुठंतरी ऐकलं होतं. महिना एप्रिलचा. पंधरा दिवसांनी रविवारी मटणाबरोबर उघडायला घेतली, तर बूच थोडं वर सरकलेलं आणि बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ वाळलेला. ग्लासात ओतली तर शिजवलेल्या मनुकांचा वास आणि चव करपलेल्या पाकासारखी. दुकानदाराच्या नावानं खडे फोडले. चूक त्याची नव्हती, माझी होती.

रूम टेंपरेचर म्हणजे युरोपातल्या थंड घरांची खोली, साधारण 16 ते 18 अंश. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि पंख्याखालीही खोली 35 च्या आसपास असते. एवढ्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा वास मागं पडतो. म्हणून सोलापुरात वाइन लाल असो की पांढरी, राहायची जागा एकच, फ्रीजच्या आत. लाल बाटली जेवणाआधी वीसेक मिनिटं बाहेर काढायची. पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, ताटं वाढताना काढली तरी चालते, त्यांना 8 ते 10 अंश बरे.

पाहुणे दारात आणि बाटली गरम, असं झालं तर ती फ्रीझरमध्ये कोंबून विसरू नका, काच तडकते. बादलीत बर्फ घ्या, त्यात पाणी ओता आणि दोन मुठी जाडं मीठ टाका. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला इथंतिथं टेकतात, पाणी मात्र सगळीकडून भिडतं, आणि मिठामुळं ते शून्याच्याही खाली जातं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. जेवताना बाटलीला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवली की ती लवकर तापत नाही. आपल्या कोरड्या हवेत माठाला जे जमतं ते फडक्यालाही जमतं.

'मटण आहे, म्हणजे लालच हवी'

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मटणाला लाल वाइन, हा नियम भाजलेल्या, फारसं तिखट नसलेल्या मांसावरून आलाय. तो आपल्या काळ्या तिखटाच्या रश्श्याला जसाच्या तसा लावला की जीभ पेटते.

कारण सोपं आहे. लाल वाइनमध्ये टॅनिन असतं. जास्त उकळलेला कोरा चहा किंवा जांभूळ खाल्ल्यावर तोंड कसं ओढल्यासारखं होतं, तोच हा तुरटपणा. मिरचीनं पोळलेल्या जिभेला तो आणखी खरखरीत लागतो. त्यात अल्कोहोल स्वतःही जिभेला चटका देतं, त्यामुळं 14 टक्क्यांची जड वाइन म्हणजे आगीत तेल.

खात्री करायची असेल तर घरातच करता येते. आमच्याकडं मटण शिजलं की मसाला घालण्याआधी आई भाच्यासाठी एक वाटी अळणी काढून ठेवते: हळद, मीठ, आलं-लसूण आणि वर तुपासारखी तरंगणारी चरबी. एका रविवारी मी ती वाटी आणि तयार रश्श्याची वाटी शेजारी ठेवून एकाच शिराझचे, म्हणजे शिराझ द्राक्षाच्या लाल वाइनचे, घोट घेतले. अळण्याबरोबर वाइन मऊ, काळ्या मिरीसारखी, गोलसर. टॅनिन मांसातल्या प्रथिनांना चिकटतं आणि चरबी त्याची धार बोथट करते. मग रश्श्यात भाकरी बुडवून खाल्ली आणि तीच वाइन प्यायलो. कडू, लाकडी, घशात जाळ. आई म्हणाली, "तिखटावर ताक पी की, ते काय प्यायलास!" तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून हिशोब साधा: अळणी किंवा सुक्या मटणाला लाल, रश्श्याला किंचित गोडसर पांढरी. नाशिककडची शेनिन ब्लाँ बऱ्याचदा अशी हलक्या गोडीची असते. गोडी मिरचीचा जाळ दाबते. सावजी पद्धतीचं मटण असो की डाळींची झणझणीत बाजार आमटी, दोन्हीला तीच चालते. लालच प्यायची असेल तर हलकी निवडा. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यात सांजोव्हेसे हे इटलीचं द्राक्ष लावलेलं आहे. त्याची वाइन आंबटसर असते, थोडी गार करून घेतली तर मध्यम तिखटापर्यंत निभावते. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा मात्र वाचा, 12 च्या आसपास असेल तर उत्तम.

आंबट आणि गोड

पुंडीची भाजी म्हणजे अंबाडी, चांगलीच आंबट. तिच्यापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती पाणी घातल्यासारखी लागते. म्हणून इथं सोव्हिन्यॉं ब्लाँ ही पांढरी वाइन, तिच्यात आंबटपणा भरपूर असतो. ताटात लिंबाची फोड असेल तर ती पिळल्यावर घोट घेऊन बघा, आधी नाही. शेंगापोळीबरोबर ड्राय, म्हणजे गोडी नसलेली वाइन घेऊ नका. पोळीच्या गुळासमोर ती निव्वळ आंबट लागते. वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवी, नाहीतर पोळी तुपाबरोबरच खावी. मी तेच करतो.

शेंगा चटणीचं काय, हे सगळेच विचारतात. लसूण आणि तिखट असलं तरी शेंगदाण्याचं तेल आणि मीठ तिच्या बाजूनं असतं. कडक भाकरीवर चटणी आणि सोबत थंडगार रोझे, हे मला मटणापेक्षाही जास्त जमलेलं वाटतं. भज्यांना बुडबुड्यांची स्पार्कलिंग घ्या, तेलकटपणा कापला जातो.

चव घेतानाच्या चुका

ग्लास काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश पुरे, म्हणजे हलवायला आणि वास साठायला जागा राहते. फोडणी बसत असताना किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत वास घेण्याचा अट्टहास नको, हिंगापुढं कुठलीच वाइन टिकत नाही. ग्लासला भांडी घासायच्या साबणाचा लिंबूवास राहतो, तो साध्या पाण्यानं दोनदा धुऊन काढा. पान किंवा तंबाखू खाल्ली असेल तर त्या वेळी चवीचं नावच काढू नका.

दोन घोटांच्या मध्ये ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चावा. परदेशात यासाठी ब्रेड ठेवतात. आपली भाकरी त्याहून बरी, तिच्यात बहुधा मीठही नसतं.

'ही खराब झाली का?'

आंबट लागली म्हणजे खराब, असं नाही. सोलापूरजवळच्या नानजची द्राक्षं खाऊन वाढलेल्या माणसाला वाइनही गोडच असणार असं वाटतं. पण यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन अल्कोहोल करतं, म्हणून ड्राय वाइनमध्ये गोडी उरत नाही. शिवाय वाइनची द्राक्षं वेगळी असतात: लहान, जाड सालीची, बियांची.

बुचाला किंवा तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, गारव्यात जमतात, निरुपद्रवी असतात. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र "कंपनीनं साखर घातलीय" म्हणून अख्खी बाटली मोरीत ओतली होती. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट पोत्याचा वास आला तर बुचाचा दोष, ती परत करायला हरकत नाही. व्हिनेगरचा झणका आला तर हवा लागून आंबली.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. स्पार्कलिंग दुसऱ्याच दिवशी मरगळते. पाचव्या दिवशी उरलेली लाल वाइन मी सुक्या मटणाच्या कांदा-टोमॅटोत अर्धी वाटी ओततो आणि मोठ्या आचेवर आटू देतो. आईला अजून सांगितलेलं नाही.