नॅनोवायरमधले स्फटिकदोष: या चुका टाळा

‘नॅनोवायरमध्ये, म्हणजे स्फटिकाच्या अतिशय बारीक तारेत, एकही दोष नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, पाहिलंत कुठल्या दिशेनं?

गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाची वायर बहुतेक वेळा <१११> दिशेनं वाढते (कंसातले आकडे स्फटिकातली दिशा सांगतात). ट्विन (स्फटिकाची आरशातल्यासारखी उलटलेली मांडणी) आणि स्टॅकिंग फॉल्ट (अणुथरांच्या क्रमातली चूक) तिच्या लांबीला आडवे बसतात, पत्त्यांच्या चवडीत एखादं पान उलटं लागावं तसे. टीईएममध्ये (वायरच्या आरपार इलेक्ट्रॉन पाठवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) <११०> दिशेनं पाहिलं तर ते दिसतात. <११२> दिशेनं तीच वायर अगदी स्वच्छ दिसते. आमच्याकडे एका विद्यार्थ्यानं तापमान वाढवून दोष घालवल्याचं दाखवलं आणि पुढचे दोन महिने सगळे त्याच तापमानाला वायर वाढवत बसले. शेवटी मी होल्डरच्या (नमुना धरणाऱ्या दांडीच्या) अक्षाला समांतर पडलेली एक वायर शोधली आणि ३० अंश कलवली. पडद्यावर बुडापासून टोकापर्यंत काळे-पांढरे पट्टे उमटले. ट्विन पहिल्या दिवसापासून तिथेच होते. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, कारण एक कलवणी कंटाळा करून टाळली होती.

तेव्हापासून मी किमान दहा वायर पाहतो, प्रत्येक <११०> वर आणून, बुडापासून टोकापर्यंत सलग. नवशिक्यांना हे जिवावर येतं. टोकाचा एक देखणा फोटो काढला की त्यांचं काम संपतं, आणि नेमकं टोकच फसवतं. वायर तिच्या टोकावरच्या सोन्याच्या थेंबातून वाढते, आणि गॅलियमचा पुरवठा बंद केल्यावरही त्या थेंबात थोडं गॅलियम उरलेलं असतं. थंड होताना आर्सेनिक चालूच असेल तर थेंबाखाली एक छोटी मान वाढते आणि तिची रचना खालच्या वायरपेक्षा वेगळी असू शकते. वायरची रचना झिंकब्लेंड की वुर्ट्झाइट (अणुथर रचण्याच्या दोन पद्धती), हे त्या मानेवरून ठरवू नका.

जाड आणि बारीक वायर एकाच सरासरीत घालू नका. थेंबाचा आकार बदलला की रचनाही बदलू शकते.

वायर वाकली की लगेच दोषाला दोष देऊ नका. आधी ज्या चकतीवर वायर वाढवली तिच्यावरचं ऑक्साइड नीट निघालं होतं का आणि तापमान मध्येच हललं का, ते पाहा.

टोकाला थेंब दिसत नाही, म्हणून वायर स्क्रू डिसलोकेशनमुळे (अणुथर जिन्यासारखे गोल चढत जातात अशा रेषेसारख्या दोषामुळे) वाढली असंही लिहू नका. थेंब नंतर निघून गेलेला असू शकतो. वॅग्नर आणि एलिस या संशोधकांनी १९६४ मध्येच दाखवलं की सिलिकॉनची तार अशा डिसलोकेशनशिवाय, सोन्याच्या थेंबातून वाढते. डिसलोकेशनचा दावा करायचाच असेल तर ती वायरच्या मधोमध दाखवा आणि तिच्यामुळे स्फटिकाला पडलेला पीळ मोजा. वायर जितकी बारीक, तितका तो जास्त असतो.