सर्व्हरची केबल ढिली पडतेय? लॉकवाली घ्या

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याची सर्व्हर रूम असो की निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेतलं छोटं रॅक, मशीन अचानक बंद पडलं की पहिला संशय हेस्कॉमवर, म्हणजे वीज कंपनीवर. त्याआधी जरा रॅकच्या मागे जाऊन सी-१३ कनेक्टर, म्हणजे पॉवर केबलचं सर्व्हरमध्ये घुसणारं टोक, बघा. १० अँपिअरचा हा साधा कनेक्टर निव्वळ घट्ट बसण्यावर टिकतो. शेजारची केबल ओढताना कोपर लागलं तरी किंचित सरकतो. दिसायला बसलेलाच, आत मात्र संपर्क अर्धवट, आणि मग तापायला लागतो.

आयईसी लॉक केबल सर्व्हरच्या नेहमीच्या सॉकेटमध्येच बसते आणि आत अर्थची पिन पकडून ठेवते. लाल खटका सोडवल्याशिवाय निघत नाही. व्ही-लॉक या दुसऱ्या प्रकारच्या लॉक केबलला मात्र समोरच्या सॉकेटलाही खाच लागते, न बघता मागवू नका. लोक फसतात ते पुढे: सर्व्हरकडचं टोक लॉक होतं, पीडीयूकडचं (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीकडचं) मोकळंच! तिथे लॉकवालं आउटलेट नसेल तर वेल्क्रो पट्टीने केबल रॅकला बांधा, थोडा ढील ठेवून. प्लास्टिकचा टाय नकोच, तो कापताना भलतीच वायर कापली जाते. दोन पॉवर सप्लाय असतील तर केबलला हात लावण्याआधी दोन्हींचे दिवे हिरवे आहेत ना, ते बघा.