पऱ्हाटी पेटवण्याआधी: खरिपासाठी कंपोस्ट आणि बायोचारची उन्हाळी तयारी

कापसाची शेवटची वेचणी झाली की बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग लागतात आणि मागोमाग तुरीची मळणी उरकून तुराट्याही तिथेच येऊन पडतात. चुलीला लागेल तेवढे सरपण घरी जाते आणि उरलेले मार्च-एप्रिलमध्ये, नांगरटीला अडचण नको म्हणून, काडी लावून मोकळे केले जाते. एकरी साधारण १ टन निघणारी ही पऱ्हाटी उघड्यावर जळली की तिच्यातला बहुतेक सगळा कर्ब आणि नत्र हवेत जातो. मागे राहते ती राख, आणि तीही पहिल्या वावटळीत निम्मी उडते. हाच माल कुट्टी करून कुजवला तर कंपोस्ट होते आणि हवा रोखून जाळला तर बायोचार, म्हणजे शेतीत वापरायचा सच्छिद्र कोळसा, मिळतो. कोणत्या जमिनीला यांतले काय, किती आणि कसे द्यावे, एवढ्यापुरताच हा सल्ला असून तो मुख्यतः विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील कोरडवाहू कापूस, तूर आणि सोयाबीन उत्पादकांसाठी आहे. कोकणातल्या भातासंबंधी पुढे वेगळे सांगितले आहे.

सर्वांत आधी एक तातडीची गोष्ट. पऱ्हाटी जूनपर्यंत शेताच्या कडेला रचून ठेवू नये. तिला लटकून राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते आणि पाऊस सुरू झाल्यावर तिचे पतंग नव्या कापसावर जातात. त्यामुळे कंपोस्ट करायचे असो वा कोळसा, कुट्टी किंवा जाळणी एप्रिल संपण्याच्या आत उरकलेली असावी. शक्य असेल तेथे ती फेब्रुवारीतच करावी.

दोघांची कामे वेगवेगळी आहेत

कंपोस्ट हे जमिनीतल्या जिवाणूंचे अन्न आहे आणि त्यांच्यामार्फत पिकाचेही. चांगल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे ५ टन खतातून २५ किलो नत्र जमिनीत जाते. मात्र पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला त्यातले साधारण एक तृतीयांशच येते आणि बाकीचे पुढे हळूहळू सुटते. आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून त्यांचा कर्ब वायुरूपाने निघून जातो, म्हणून कंपोस्ट एकदा घालून भागत नाही, दर वर्षी किंवा निदान एक वर्षाआड द्यावे लागते. बायोचारचे याच्या उलट आहे. तो जमिनीत अनेक दशके, काही अंश तर शेकडो वर्षे टिकतो, त्याच्या छिद्रांत पाणी आणि विद्राव्य अन्नद्रव्ये धरली जातात, पण त्याच्या स्वतःच्या अंगी पिकाला खाऊ घालण्यासारखे फारसे काही नसते. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात प्राचीन वस्त्यांच्या जागी सापडणारी काळी सुपीक माती बायोचारच्या प्रचारात नेहमी पुढे केली जाते. त्या मातीत कोळशाबरोबर हाडे, विष्ठा, स्वयंपाकघरातला कचरा असे सगळे पिढ्यान्‌पिढ्या मिसळत गेले होते, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. नुसता कोळसा मातीत पुरून तशी जमीन तयार होत नाही.

हिशेब मांडून पाहिला तर अपेक्षा जमिनीवर राहतात. एका एकरातील वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. तिचा सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के असेल तर एकूण कर्ब ३,६०० किलो होतो, आणि तो ०.५ टक्क्यांवर न्यायचा तर आणखी ९०० किलो कर्ब टिकवून धरावा लागेल. एका एकराच्या पऱ्हाटीतून मिळणाऱ्या २०० ते २५० किलो कोळशात फार तर १७५ किलो कर्ब असतो, म्हणजे मातीच्या ०.०२ टक्के. वाढ लहान आहे, पण दर वर्षी साचत जाणारी आहे. माती परीक्षणाच्या अहवालात मात्र ती पूर्ण दिसेलच असे नाही, कारण प्रयोगशाळेतील नेहमीच्या रासायनिक पद्धतीत कोळशाचा कर्ब अंशतःच मोजला जातो. अहवालातला आकडा हलला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

उत्पादनवाढीचे दावे आणि आपली जमीन

जगभरच्या प्रयोगांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायोचारमुळे उष्ण कटिबंधात पिकांचे उत्पादन सरासरी सुमारे २५ टक्के वाढल्याचे, तर समशीतोष्ण प्रदेशात सरासरी काहीच वाढ न झाल्याचे आढळले. यातला पहिलाच आकडा विक्रेते पुढे करतात. उष्ण कटिबंधातली ती वाढ बव्हंशी आम्ल, निकस आणि खते कमी मिळणाऱ्या जमिनींतली होती. तेथे कोळशाने चुन्यासारखे काम करून जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) वर आणला. आपल्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच ७.५ ते ८.५ च्या घरात असतो, खाली चुनखडीही असते, आणि बायोचारचा स्वतःचा सामू बहुधा ८ ते १० असतो. अशा जमिनीत २५ टक्के वाढ धरून खर्चाचा अंदाज बांधू नये. येथे फायदा मिळाला तर तो ओल काही दिवस अधिक टिकण्यातून, नत्राचा ऱ्हास कमी होण्यातून आणि माती भुसभुशीत राहण्यातून मिळेल. तो सावकाश मिळेल आणि पाऊस चांगला पसरून झाला त्या वर्षी कदाचित डोळ्यांना दिसणारही नाही.

म्हणून जागा निवडताना भारी काळ्या जमिनीपेक्षा हलक्या, बरड व मुरमाड तुकड्याला आधी पसंती द्यावी, कारण पाणी धरण्याचा गुण तेथे सर्वाधिक उपयोगी पडतो. सामू ८.३ च्या पुढे असेल, भुईमुगावर किंवा संत्र्यावर केवडा येत असेल, म्हणजे लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडत असतील, तर त्या शेतात राखमिश्रित कोळसा अजिबात घालू नये आणि सगळा काडीकचरा कंपोस्टलाच लावावा. माती परीक्षण झालेले नसेल तर नमुना काढायला उन्हाळ्याचे हेच दिवस सोयीचे आहेत.

कोकणातील जांभ्या जमिनीचा सामू बहुधा ५ ते ६.५ असतो, त्यामुळे तेथे कोळशाला अधिक वाव आहे आणि ही गोष्ट शेतकऱ्यांना अगदी नवीही नाही. चारसूत्री या सुधारित भात लागवड पद्धतीत रोपवाटिकेच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगितले आहे. ती काळी राख म्हणजे अर्धवट जळलेले तूसच. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपे कणखर होतात. राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजण्यासाठी, दर वर्षी झाडांच्या फांद्या तोडण्यापेक्षा गिरणीवरचे तूस आणून हा मार्ग धरणे अधिक शहाणपणाचे आहे. मे महिन्यात वाफे तयार करतानाच ही राख जमवून ठेवावी.

कंपोस्ट: काय कुजवावे आणि कसे

सोयाबीनचे कुटार जनावरे खातात ते खाऊ द्यावे. उरलेले, भिजून काळे पडलेले कुटार, गवत, तण आणि पालापाचोळा हा कंपोस्टचा खरा माल आहे. पऱ्हाटीत नत्र कमी आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा घटक, जास्त असल्याने ती अख्खी टाकली तर वर्षभर कुजत नाही. यंत्राने तिची दोन-तीन इंचांची कुट्टी करून त्यात शेण, गोठ्यातील मूत्र भिजलेली माती आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला मिसळावा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी घालून दिलेली नाडेप पद्धत कमी शेणात भरपूर खत देते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच जाळीदार विटांच्या टाक्यात सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, अवघे ९० ते १०० किलो शेण, दीड टनाच्या वर चाळलेली कोरडी माती आणि लागेल तसे पाणी थराथराने भरून वरून शेणमातीने लिंपून घ्यावे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. म्हणजेच टाके मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात भरले तरच ते पेरणीच्या सुमारास हाती येईल. एप्रिलमध्ये भरलेले टाके रब्बीसाठी धरावे.

घाई असेल त्यांनी सावलीत ५ फूट रुंद व ४ फूट उंच ढीग लावावा, दर टन काडीकचऱ्याला १ किलो कंपोस्ट जिवाणू संवर्धक शेणकाल्यात मिसळून शिंपडावे आणि दर पंधरा दिवसांनी ढीग उलथावा. ढिगाच्या पोटात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली असता हाताला चटका बसला पाहिजे. आतले तापमान काही दिवस ५५ ते ६५ अंश राहिले तरच तणांचे बी, रोगाचे जंतू आणि बोंडअळीचे कोष मरतात. सळई थंड निघाली तर बहुतेक वेळा कारण पाण्याचे असते. मुठीत दाबल्यावर माल ओलसर गोळा होऊन राहावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. वैशाखात ही ओल टिकवणे हेच खरे कष्टाचे काम आहे. गोणपाटाचे आच्छादन घातल्याखेरीज ते जमत नाही.

उसाचे पाचट मात्र बाहेर काढू नये, कुजवण्यासाठी नाही आणि कोळशासाठीही नाही. खोडव्यात सरीतच ठेवून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे संवर्धक टाकून पाणी द्यावे.

कोळसा: करण्याची आणि मुरवण्याची रीत

कोळशासाठी फक्त टणक माल घ्यावा: पऱ्हाटीचे जाड बुडखे, तुराट्या, छाटणीच्या फांद्या. जे सहज कुजते ते जाळू नये. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०० लिटरच्या लोखंडी ड्रमपासून केलेली साधी भट्टी अशा मालासाठीच आहे. ड्रम नसेल तर वर रुंद व खाली निमुळता असा, तोंडाशी ५ फूट आणि अडीच फूट खोल खड्डा पुरतो. तळाशी थोडा वाळलेला माल रचून तो वरच्या बाजूने पेटवावा आणि निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागताच पुढचा थर टाकावा, म्हणजे वरची ज्योत हवा खाते आणि खालचा माल राख न होता कोळसाच राहतो. धूर फार येत असेल तर माल ओला आहे किंवा थर जाड पडतो आहे असे समजावे. खड्डा भरत आला की भरपूर पाणी ओतून तळापर्यंत विझवावे. नुसती माती टाकून निघून जाऊ नये, कारण आत धुमसणारा कोळसा दुसऱ्या दिवशीही पेट घेतो. हे काम वारा नसलेल्या सकाळी, पाण्याचे भरलेले ड्रम शेजारी ठेवून, गंजी व गोठ्यापासून दूर करावे; जंगलाला लागून शेत असेल तर वणव्याच्या दिवसांत करूच नये. बंद खोलीत किंवा शेडमध्ये भट्टी लावणे जिवावर बेतू शकते.

तयार कोळसा हातात चुरून पाहावा. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ झाले तर माल चांगला. बोटांना तेलकट थर राहून साबण लागला तर तो नीट जळलेला नाही व त्यात डांबरी अंश उरला आहे. तसा माल पुन्हा भट्टीत टाकावा.

असा कोळसा थेट पेरणीच्या ओळीत टाकणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. कोरडा कोळसा मातीतले नत्र स्वतःकडे ओढून धरतो आणि पहिल्याच हंगामात पीक पिवळे पडते. त्याचा हरभऱ्याएवढा चुरा करून, धूळ उडू नये म्हणून ओला करून, तो कंपोस्टचा ढीग लावतानाच घमेल्याच्या मापाने दहास एक या प्रमाणात मिसळावा. त्याने ढिगातून उडून जाणारा अमोनियाही काही अंशी धरला जातो. ढीग आधीच लागलेला असेल तर तयार कंपोस्ट व शेणस्लरीत तो किमान तीन आठवडे भिजवून मुरवावा.

प्रयोगांत हेक्टरी ५ ते १० टन किंवा त्याहून अधिक बायोचार वापरलेला असतो. आपल्या शेतातल्या पऱ्हाटीतून तेवढा निघणे शक्य नाही आणि विकत घेणे कोरडवाहू पिकाला परवडत नाही. चार फुटांच्या ओळींत एकरभर सुमारे ३,३०० मीटर लांबी भरते. २५० किलो कोळसा तेवढ्यावर पसरला तर मीटरला जेमतेम ७५ ग्रॅम येतो. त्यापेक्षा तो एका वर्षी फक्त १० गुंठ्यांच्या तुकड्यावर, मुरवलेल्या कंपोस्टसह, शेवटच्या वखरपाळीआधी ओळींत द्यावा आणि पुढच्या वर्षी पुढचा तुकडा घ्यावा. फळबागेत झाडाच्या आळ्यात, मुळांच्या कक्षेत देणे अधिक सोपे आहे.

न कुजलेले शेण हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीला, आमंत्रण देते, म्हणून उकिरड्यातला वरचा कच्चा थर बाजूला काढून पुन्हा ढिगात टाकावा. कोळसा घातलेल्या पट्ट्यात पेरणीनंतर लगेच फवारायच्या तणनाशकाचा परिणाम कमी होऊ शकतो, कारण कोळसा औषध शोषून घेतो. तेथे मात्रा वाढवू नये, एक डवरणी आणि निंदणी जास्त धरावी. शिफारशीतली रासायनिक खते पहिल्या वर्षी कमी करू नयेत. शहरी कंपोस्ट किंवा तयार बायोचार विकत घ्यायचा असेल तर जड धातू, क्षारता आणि सामू यांचा तपासणी अहवाल मागावा व तो दिला नाही तर माल घेऊ नये.

कोळसा घातलेल्या १० गुंठ्यांशेजारी तेवढाच तुकडा फक्त कंपोस्टवर ठेवावा, दोन्हीकडे वाण, पेरणीची तारीख आणि खत सारखे ठेवावे. ऑगस्टमधल्या उघडिपीत आठवड्याच्या अंतराने दोन्ही ठिकाणची माती वीतभर खोल उकरून ओल ताडून पाहावी, आणि वेचणीचा कापूस वेगवेगळा तोलून वहीत लिहावा.