जन्मतः लहान मुलांची उंची आणि ग्रोथ हार्मोन: या चुका टाळा

"याचे बाबाही दहावीनंतरच वाढले, हाही वाढेल." बाळ जन्मतःच वजनाला किंवा लांबीला कमी होतं, तर या वाक्यावर विसंबून राहू नका. अशी दहातली जवळपास नऊ मुलं पहिल्या दोन वर्षांत उंची भरून काढतात. उरलेलं बहुधा मागेच राहतं. म्हणून दोन वर्षांनंतरही उंची मागे असेल, तर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. परळच्या वाडिया रुग्णालयात त्यांचा विभाग आहे. मुलगी वयात आल्यावर धावपळ केली, तर हाडं वाढायला फार थोडा काळ उरलेला असतो.

जाताना प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड न्याच. आठव्या महिन्यात जन्मलेलं दोन किलोचं बाळ आणि पूर्ण दिवसांचं दोन किलोचं बाळ, दोघांची गोष्ट वेगळी.

"तपासणीत ग्रोथ हार्मोन नॉर्मल आलं, मग त्याचं इंजेक्शन कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण या मुलांत हार्मोनची कमतरता बहुतेक वेळा नसतेच. तरीही वरून दिलेल्या डोसाने उंची वाढते. अमेरिकेत यासाठी २००१ मध्ये, युरोपात २००३ मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शन सुरू करण्याआधी थायरॉइडचा त्रास, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) आणि मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम (एक X गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. तूप-शिरा भरवून मात्र उंची नाही, वजन वाढतं. जन्मतः लहान मुलांना पुढे मधुमेहाचा धोका तसाही जास्त, त्यात ही भर कशाला?

मुंबईत खरी गडबड होते ती औषध सांभाळताना. इंजेक्शनचं औषध भरलेलं पेन साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजरला चिकटून ठेवलं आणि गोठलं, तर ते फेकूनच द्यावं लागतं, कितीही महाग असो. मे महिन्यात कोकणात जाताना बर्फाचा पॅक कापडात गुंडाळा, पेन थेट त्याला टेकवू नका. एखाद्या रात्रीचं इंजेक्शन चुकलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. रोज एकाच जागी टोचू नका. मांडी, पोट, कुल्हा अशी जागा बदला.

डोस वजनावर ठरतो, त्यामुळे तपासणीची तारीख पुढे ढकलू नका. आणि मूल लंगडायला लागलं, खुबा किंवा गुडघा दुखतो म्हणालं, डोकं दुखून उलट्या झाल्या, तर "खेळताना लागलं असेल" म्हणत बसू नका. पुढचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.