राजगड-तोरणा-रायगड जोडीने करताय? मग सॅक अशी भरा
नवरा-बायको दोघंच निघणार असाल तर तंबू, स्टोव्ह, भांडी खुशाल वाटून घ्या पण पाणी, टॉर्च, शिट्टी आणि थोडा सुका खाऊ दोघांच्या सॅकमध्ये वेगवेगळा हवाच. आम्ही पहिल्या वेळी दोन्ही टॉर्च माझ्याच सॅकमध्ये टाकलेले आणि तोरण्याच्या अलीकडे अंधार पडला, ती पुढे मी मागे, हाक मारली तरी ओ येईना, काळजाचं पाणी झालं माझ्या. पाणी माणशी 3 लिटर तरी घ्या. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. फक्त बोराट्याच्या नाळेत (तोरण्याहून रायगडाकडे जाताना लागणारी उभ्या उताराची दगडी घळ) मागोमाग उतरू नका, दगड सुटतात तिथे, एकजण उतरून आडोशाला गेला की मगच दुसऱ्याने पाय टाकायचा.