स्ट्रक्चरल सॉफ्टवेअरची इनपुट फाइल उघडत नसेल तेव्हा

फाइल उघडत नाही असे दिसताच तिची प्रत संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर काढून घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत, कारण दुरुस्तीच्या घाईत मूळ फाइलवरच सेव्ह केले तर उरलीसुरली माहितीही हातची जाते. त्यानंतर फाइलचा आकार पाहावा. तो शून्य बाइट असेल तर दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नसते आणि थेट बॅकअपकडे वळावे. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत बऱ्याचदा उघडत नाही. तिथे फाइल धडधाकटच असते.

ईटॅब्स या इमारतींचे विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरची ईडीबी फाइल बायनरी (साध्या मजकुरात नसलेली) असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. मात्र मॉडेल सेव्ह करताना तिच्या शेजारीच 'डॉलर-ई-टी' ($et) एक्स्टेन्शनची एक टेक्स्ट फाइल तयार होते. तिच्या प्रतीचे एक्स्टेन्शन 'ई-टू-के' (e2k) असे बदलून ती इम्पोर्ट केली की मॉडेल परत मिळते. अ‍ॅनालिसिस तेवढे पुन्हा चालवावे लागते.

स्टॅड या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची एसटीडी फाइल मुळातच टेक्स्ट असते आणि म्हणूनच ती वाचवण्याची शक्यता सर्वांत जास्त. शेवटी 'फिनिश' ही आज्ञा नसेल तर सेव्ह अर्धवट तुटले असावे. आउटपुट फाइलमध्ये चूक ज्या ओळीखाली नोंदवलेली असते, तिच्या वरच्या ओळीही तपासाव्यात, कारण एकाच ओळीत लिहिलेल्या दोन नोड्समधला (सांध्यांच्या बिंदूंमधला) अर्धविराम गळाला तर घोटाळा बऱ्याचदा पुढे उघड होतो. वर्ड किंवा ईमेलमधून चिकटवलेल्या मजकुरात वजाचिन्हाच्या जागी कधी कधी लांब डॅश आलेला असतो. डोळ्यांना तो वजाच वाटतो, प्रोग्रामला मात्र कळत नाही. तरीही चूक सापडली नाही, तर लोड केसेसच्या (वेगवेगळ्या भारांच्या गटांच्या) ओळींआधी तारांकन लावून त्या निम्म्या-निम्म्या बंद कराव्यात, म्हणजे चूक कोणत्या निम्म्यात आहे ते कळते.

फाइल उघडली म्हणजे मॉडेल शाबूत आहे असे मानणे मला धोक्याचे वाटते. नोड्स, मेंबर्स (तुळया, खांब) आणि लोड कॉम्बिनेशन्सची (भारांच्या एकत्रित जोड्यांची) संख्या जुन्या रिपोर्टशी ताडून पाहावी. पण खरी भीती युनिटच्या ओळीची. समजा, आधी मिलिमीटर-न्यूटन चालू होते आणि भारांपूर्वीची मीटर-किलोन्यूटनची ओळ गळाली. तुळईवरचा ५ किलोन्यूटन प्रति मीटर भार आता ५ न्यूटन प्रति मिलिमीटर म्हणून वाचला जातो, जो तेवढाच असल्यामुळे काहीच खटकत नाही. त्याच वेळी २० किलोन्यूटनचा बिंदुभार मात्र २० न्यूटन होऊन बसतो आणि प्रोग्राम एकही सूचना देत नाही. म्हणून प्रत्येक लोड केसची एकूण सपोर्ट रिअ‍ॅक्शन (म्हणजे आधारांनी भाराला दिलेला उलटा जोर) जुन्या रिपोर्टशी किंवा हाताने केलेल्या बेरजेशी जुळेपर्यंत त्या फाइलवरून डिझाइन करू नये.